सौर स्थिरांक आणि त्याचे अवकाशातील मापन

पृथ्वीच्या वातावरणाबाहेर, सूर्यापासून पृथ्वीच्या सरासरी अंतरावर, सूर्यकिरणांना लंब असलेल्या एक चौरस मीटर पृष्ठावर दर सेकंदाला जेवढी सौर ऊर्जा पडते तिला सौर स्थिरांक असे म्हणतात. तीत दृश्य प्रकाशाबरोबरच अवरक्त, जंबुपार (अतिनील) इत्यादी सर्व तरंगलांबींच्या प्रारणाचा समावेश होतो. म्हणून अलीकडील वैज्ञानिक लेखनात 'एकूण सौर प्रारण' ही संज्ञा अधिक वापरली जाते. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१५ साली ठरविलेले याचे संकेतमान १३६१ वॅट प्रति चौरस मीटर आहे. पाणी तापविण्याची एक घरगुती विद्युत कांडी साधारण एवढीच शक्ती वापरते.

'स्थिरांक' हे नाव आता केवळ परंपरेने टिकून आहे. हे मान स्थिर नाही, ते सूर्यावरील डागांच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राबरोबर कमी-अधिक होते, हे १९७८ नंतरच्या उपग्रहीय मापनांनी सिद्ध झाले. हा बदल अवघा ०.१ टक्का, म्हणजे साधारण १.३ वॅट प्रति चौरस मीटर इतका आहे. तो मोजण्यासाठी पाठविलेल्या उपकरणांच्या आपापसातील वाचनांत मात्र त्याच्या तिप्पट-चौपट फरक होता. या विषयाचा गेल्या साडेचार दशकांचा इतिहास मुख्यतः या विसंगतीतून वाट काढण्याचा इतिहास आहे.

जमिनीवरून मापन

फ्रेंच भौतिकीविज्ञ क्लोद पुये यांनी १८३८ मध्ये पाण्याने भरलेल्या, काजळी लावलेल्या धातूच्या डबीवर ऊन घेऊन पाण्याचे तापमान किती वाढते ते मोजले. त्यावरून त्यांनी काढलेले मान सुमारे १२२८ वॅट होते. साधनांचा विचार करता ते आश्चर्यकारकरीत्या जवळचे म्हटले पाहिजे. याउलट सॅम्युएल लँगली यांनी १८८१ मध्ये कॅलिफोर्नियातील माउंट व्हिटनी या शिखरावरून, कितीतरी अधिक संवेदनशील उपकरणाने मिळविलेले मान वास्तवापेक्षा बरेच मोठे निघाले. दोष उपकरणात नव्हता. हवेत शोषल्या गेलेल्या प्रारणाचा हिशोब चुकला होता.

लँगलींचे उत्तराधिकारी चार्ल्स ग्रीली अ‍ॅबट यांनी स्मिथसोनियन संस्थेतर्फे कोरड्या, उंच पर्वतांवर वेधशाळा उभारून अनेक दशके हे मापन चालविले. सूर्याच्या तेजात बदल होतात आणि त्यांवरून हवामानाचे भाकीत करता येईल, असे त्यांचे ठाम मत होते. सूर्य बदलतो हे त्यांचे म्हणणे पुढे खरे ठरले. परंतु त्यांना दिसलेले बदल हे प्रामुख्याने वातावरणाचे होते, सूर्याचे नव्हते. योग्य निष्कर्ष चुकीच्या पुराव्यावर आधारलेला असू शकतो, याचे विज्ञानाच्या इतिहासातील हे एक ठळक उदाहरण होय.

वातावरणाचा अडथळा किती मोठा असतो, हे विदर्भातील एका गावाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यातील सानगडी हे गाव सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, सूर्य मध्यान्ही जवळजवळ डोक्यावर येतो. पहिल्या वेळी नवतपा सुरू होऊन ऊन असह्य झालेले असते. दुसऱ्या वेळी बांधीत चिखल करून धानाची रोवणी चाललेली असते आणि सूर्य दिवसेंदिवस ढगांआड राहतो. सूर्य तोच, त्याची उंचीही तीच, पण जमिनीवर पोहोचणाऱ्या उर्जेत कित्येक पटींचा फरक पडतो. ढग वगळले तरी धूळ, बाष्प आणि धूर यांमुळे होणारा रोजचा फेरफार काही टक्क्यांचा असतो. त्यातून एक दशांश टक्का वेगळा काढणे अशक्यप्राय आहे.

जमिनीवर पोहोचणाऱ्या सौर ऊर्जेचे मापन शेती, सौरऊर्जा व हवामानशास्त्र यांसाठी स्वतंत्रपणे आवश्यक असतेच. भारतात हे काम पद्धतशीरपणे उभे राहिले ते पुण्यातून. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे कार्यालयात १९४८ मध्ये रुजू झालेल्या अण्णा मणी यांनी १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने देशभर प्रारणमापन केंद्रांचे जाळे उभारले. परदेशी उपकरणांवर विसंबून न राहता ती देशात बनविण्यावर त्यांचा भर होता. पुण्यातील राष्ट्रीय प्रारण केंद्र हे जागतिक हवामान संघटनेचे आशियातील एक प्रादेशिक केंद्र आहे. तेथील प्रमाण उपकरणांची तुलना स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथील जागतिक प्रारण केंद्राच्या उपकरणांशी केली जाते. उपकरणाने उपकरण तपासण्याची ही पद्धत अवकाशात वापरता येत नाही, कारण एकदा सोडलेले उपकरण तपासणीसाठी परत आणता येत नाही.

प्रारणमापकाचे कार्य

उपग्रहांवरील प्रारणमापकाचे तत्त्व साधे आहे. आतून काळा लेप दिलेला धातूचा पोकळ शंकू सूर्याकडे तोंड करून ठेवलेला असतो. आत शिरलेला प्रकाश भिंतींवर वारंवार आदळून जवळजवळ पूर्णपणे शोषला जातो व शंकू तापतो. शंकूसमोर एक झडप असते. झडप उघडी असताना सूर्य शंकू तापवितो आणि बंद असताना विजेच्या तारेने तो तेवढ्याच तापमानाला ठेवला जातो. झडप बंद करताना जेवढी विद्युतशक्ती वाढवून द्यावी लागते तेवढी शक्ती सूर्य देत होता, असा हा हिशोब आहे. विजेचे मापन अत्यंत अचूक करता येत असल्याने सूर्याच्या उष्णतेची तुलना विजेच्या उष्णतेशी केली जाते.

अडचण येते ती काळाबरोबर. तीव्र जंबुपार किरणांमुळे काळा लेप हळूहळू बदलतो व त्याची शोषणक्षमता ढळते. म्हणून एकाच उपकरणात तीन किंवा चार शंकू बसवितात. एक नेहमी वापरात राहतो, दुसरा अधूनमधून उघडतात आणि तिसरा फार क्वचित. कमी वापरलेल्या शंकूशी तुलना करून रोजच्या शंकूची झीज ठरविली जाते. घरातील रोजचे वजन जपून ठेवलेल्या वजनाशी ताडून पाहावे, तसाच हा प्रकार आहे.

मिळालेले वाचन नंतर सरासरी अंतरास अनुरूप करून घ्यावे लागते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने जानेवारीच्या आरंभी वातावरणाबाहेर प्रत्यक्षात सुमारे १४०८ वॅट आणि जुलैच्या आरंभी सुमारे १३१७ वॅट ऊर्जा पडते. हा जवळपास सात टक्क्यांचा फरक सूर्याचा नसून अंतराचा आहे. विदर्भात कडाक्याची थंडी असते तेव्हा पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, हे विद्यार्थ्यांना नेहमी चकित करते. ऋतू हे अंतरामुळे नव्हे, तर पृथ्वीच्या आसाच्या कलामुळे होतात.

उपग्रहांची साखळी

अखंड मापनाचा आरंभ २४ ऑक्टोबर १९७८ रोजी सोडलेल्या निंबस-७ या अमेरिकी उपग्रहापासून धरला जातो. त्यावरील उपकरण मुख्यतः पृथ्वीच्या ऊर्जेचा ताळेबंद मांडण्यासाठी होते आणि प्रत्येक प्रदक्षिणेत सूर्य त्याच्या दृष्टिक्षेपातून थोडाच वेळ जाई. १४ फेब्रुवारी १९८० रोजी गेलेल्या 'सोलर मॅक्झिमम मिशन' या उपग्रहावर मात्र रिचर्ड विल्सन यांचे अ‍ॅक्रिम हे खास या कामासाठी बनविलेले प्रारणमापक होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डागांचा मोठा समूह सूर्यबिंबावरून सरकत असताना एकूण प्रारण काही दिवस एक-दोन दशांश टक्क्याने खाली गेल्याचे त्याने स्पष्टपणे नोंदविले. सूर्याचे तेज बदलते याचा हा पहिला निःसंदिग्ध पुरावा होता.

वर्ष संपण्यापूर्वीच या उपग्रहाची सूर्यावर अचूक रोख ठेवणारी यंत्रणा बिघडली. एप्रिल १९८४ मध्ये चॅलेंजर या अवकाशयानातील अंतराळवीरांनी कक्षेतच त्याची दुरुस्ती केली आणि तो पुढे १९८९ पर्यंत काम करीत राहिला. दोन वर्षांनी, २८ जानेवारी १९८६ रोजी, हेच चॅलेंजर उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले व त्यातील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यानंतरची सर्व उड्डाणे लांबणीवर पडली. दुसरे अ‍ॅक्रिम घेऊन जाणारा यूएआरएस हा उपग्रह सप्टेंबर १९९१ मध्ये, म्हणजे पहिल्या अ‍ॅक्रिमचे काम थांबल्यावर दोन वर्षांहून अधिक काळाने कक्षेत पोहोचला.

या दोन वर्षांच्या खंडाला 'अ‍ॅक्रिम पोकळी' असे नाव पडले. वरवर पाहता ही क्षुल्लक बाब वाटेल, पण दोन उपकरणांच्या निरपेक्ष वाचनांत फरक असताना ती एकाच वेळी एकाच सूर्याकडे पाहत असतील तरच एकाचे माप दुसऱ्याला जोडता येते. पोकळीच्या काळात निंबस-७ आणि १९८४ साली सोडलेला ईआरबीएस हे दोनच उपग्रह कार्यरत होते. दुसरा साधारण पंधरवड्यातून एकदाच सूर्याचे वाचन घेई. या काळात पहिल्याची वाचने चढत गेली, तर दुसऱ्याची उतरत गेली.

विल्सन यांनी निंबस-७ ची वाचने जशीच्या तशी ग्राह्य धरून साखळी जोडली. तेव्हा १९८६ च्या डाग-न्यूनतेपेक्षा १९९६ च्या न्यूनतेच्या वेळी सूर्य किंचित अधिक तेजस्वी असल्याचे, दशकाला सुमारे ०.०४ टक्के वाढ होत असल्याचे दिसले. दाव्होस येथील क्लाउस फ्रोलिश आणि अमेरिकेतील ज्युडिथ लीन यांनी निंबसच्या उपकरणातील ढळ सुधारून व ईआरबीएसशी मेळ घालून दुसरी साखळी तयार केली. तीत अशी वाढ दिसत नाही. मूळ वाचने तीच असूनही दोन निष्कर्ष निघाले. वादाचा केंद्रबिंदू सूर्य नव्हता, १९८९-९१ मधील एका उपकरणाचे वर्तन हा होता. चुंबकीय क्षेत्राच्या स्वतंत्र निरीक्षणांवर आधारलेली प्रतिमाने दुसऱ्या साखळीशी अधिक जुळतात व बहुसंख्य संशोधक तीच ग्राह्य धरतात.

यानंतर साखळी तुटू न देण्याकडे विशेष लक्ष दिले गेले. डिसेंबर १९९५ मध्ये सोहो, डिसेंबर १९९९ मध्ये अ‍ॅक्रिमसॅट आणि २५ जानेवारी २००३ रोजी सोर्स हे उपग्रह गेले. तरीही संकट टळले नाही. सोर्सचा वारसदार ठरलेला ग्लोरी हा उपग्रह ४ मार्च २०११ रोजी अग्निबाणाचे टोपण न उघडल्याने कक्षेत पोहोचू शकला नाही. पुढे सोर्सची विद्युतघट-यंत्रणा निकामी होऊ लागली. तेव्हा राखीव असलेले एक उपकरण घाईने सज्ज करून नोव्हेंबर २०१३ मध्ये पाठविण्यात आले. थकलेल्या सोर्सला त्या डिसेंबरात सुमारे आठवडाभर पुन्हा जागे करून दोघांकडून एकत्र वाचने घेण्यात आली. या एका आठवड्यावर पुढच्या मापनाची सांधणी अवलंबून होती. डिसेंबर २०१७ मध्ये टीसिस-१ हे उपकरण आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे रवाना झाले. २०२० मध्ये सोर्सचे कार्य संपविण्यात आले तेव्हा दोघांच्या एकत्रित वाचनांना दोन वर्षे झालेली होती.

१३६५ की १३६१ ?

जुन्या पाठ्यपुस्तकांत सौर स्थिरांकाचे मान १३६५, १३६७ किंवा १३७० वॅट असे दिलेले आढळते. सोर्सवरील टिम या प्रारणमापकाने २००३ मध्ये जवळपास साडेचार वॅट कमी वाचन दिले, तेव्हा प्रथम संशय नव्या उपकरणावरच घेतला गेला. सूर्य एकाएकी मंदावलेला नव्हता, कारण त्याच वेळी जुनी उपकरणे आपली पूर्वीचीच वाचने देत होती.

कारण प्रवेशछिद्राच्या रचनेत सापडले. जुन्या उपकरणांत पुढचे छिद्र मोठे असून क्षेत्रफळ ठरविणारे अचूक छिद्र आत, शंकूजवळ होते. त्यामुळे आत आलेला जादा प्रकाश कडांवरून विखुरला जाऊन त्याचा काही अंश शंकूत शिरे. टिममध्ये अचूक छिद्र अगदी पुढे ठेवलेले असल्याने नको असलेला प्रकाश आत येतच नाही. प्रयोगशाळेत जुन्या पद्धतीच्या उपकरणांची तपासणी केल्यावर हा दोष निश्चित झाला. ग्रेग कॉप व ज्युडिथ लीन यांनी २०११ मध्ये १३६०.८ वॅट हे सुधारित मान प्रसिद्ध केले व ते सर्वमान्य झाले. स्पर्धापरीक्षांच्या काही मार्गदर्शक पुस्तकांत अद्याप जुनेच मान छापले जाते.

बदलाची कारणे

सौर डाग हे भोवतालच्या पृष्ठापेक्षा थंड व म्हणून काळसर असतात. साहजिकच डाग वाढले की सूर्य मंद व्हावा, अशी अपेक्षा असते आणि काही दिवसांच्या कालखंडात तसेच घडते. ऑक्टोबर २००३ च्या अखेरीस अतिविशाल डागसमूह पृथ्वीसमोर आले तेव्हा एकूण प्रारण सुमारे ०.३४ टक्क्याने घटले. मात्र संपूर्ण चक्र पाहता उलट चित्र दिसते. डाग सर्वाधिक असतात त्या वर्षांत सूर्य अधिक तेजस्वी असतो. डागांच्या आजूबाजूला फॅक्युली नावाचे तेजस्वी, विस्तृत प्रदेश निर्माण होतात. ते डागांहून फिके दिसत असले तरी अधिक क्षेत्र व्यापतात आणि अधिक काळ टिकतात. डागांमुळे होणारी तूट भरून काढून ते वर शिल्लक टाकतात.

उपग्रहपूर्व काळातील बदलांचा अंदाज डागांच्या जुन्या नोंदी आणि वृक्षवलये व हिमस्तर यांतील समस्थानिके यांवरून करतात. १६४५ ते १७१५ या काळात डाग अत्यंत विरळ झाले होते. यास माउंडर न्यूनता म्हणतात. शिवकालाचा मोठा भाग या काळात येतो. त्या वेळी सूर्य आजच्यापेक्षा नेमका किती मंद होता यावर मतभेद आहेत, कारण साखळीचे तेवढे मागचे दुवे कोणाच्याच हाती नाहीत.

हवामानबदलाशी संबंध

पृथ्वी गोल असल्याने १३६१ वॅट ही ऊर्जा तिच्या चौपट पृष्ठभागावर वाटली जाते. म्हणजे सरासरी सुमारे ३४० वॅट प्रति चौरस मीटर. त्यातील जवळजवळ ३० टक्के परावर्तित होते. या हिशोबाने ११ वर्षांच्या चक्रातील १.३ वॅटच्या बदलाचा पृथ्वीच्या ऊर्जासंतुलनावरील परिणाम ०.२ वॅटच्या आसपास भरतो व जागतिक सरासरी तापमानात त्यामुळे सुमारे ०.१ अंश सेल्सिअसचा चढउतार होतो. औद्योगिक काळापासून वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम दोन वॅटहून अधिक आहे आणि तो चक्राकार नसून एकाच दिशेने वाढत आहे.

अ‍ॅक्रिम पोकळीवरील वादाला प्रयोगशाळेबाहेर महत्त्व आले ते यामुळे. सूर्य दशकागणिक तापत असेल तर तापमानवाढीचा काही वाटा त्याच्या माथी मारता येईल, असा युक्तिवाद पुढे आला. परंतु १९७८ नंतरच्या मापनांत अशी टिकाऊ वाढ आढळत नाही. २००८ ची न्यूनता तर विशेष खोल व दीर्घ होती, तरी पृथ्वीचे तापमान वाढतच राहिले. शिवाय तापमानवाढीचे कारण सूर्य असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापत असून स्थितांबर थंड होत आहे.

जंबुपार प्रारण आणि पुण्याची सूट दुर्बीण

एकूण ऊर्जेतील बदल अल्प असला तरी तो सर्व तरंगलांबींत सारखा नसतो. २०० ते ४०० नॅनोमीटर या जंबुपार पट्ट्यात सूर्याची अवघी आठ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा असते, पण २०० नॅनोमीटरजवळ तिच्यात चक्राबरोबर अनेक टक्क्यांचा फरक पडतो. २४० नॅनोमीटरपेक्षा आखूड किरण ऑक्सिजनचे रेणू तोडून ओझोन निर्माण करतात, तर त्याहून लांब किरण ओझोनमध्ये शोषले जातात. स्थितांबराचे तापमान व तेथील वारे यांवर या पट्ट्याचा थेट परिणाम होतो.

या पट्ट्याचे मापन एकूण प्रारणाहूनही कठीण आहे. उपकरणात राहिलेला सेंद्रिय अंश जंबुपार किरणांमुळे आरशांवर व भिंगांवर घट्ट बसतो व वाचन हळूहळू घटत जाते. सूर्य मंदावला की उपकरण, हे कळत नाही. २००४ नंतरच्या काही वर्षांत सोर्सच्या वर्णपट-उपकरणाने जंबुपार प्रारणात अपेक्षेच्या कित्येक पट घट दाखविली. ती खरी मानून हवामानावरील परिणामांचे शोधनिबंधही प्रसिद्ध झाले. पुढील विश्लेषणात त्या घटीचा बराचसा भाग उपकरणाच्या झिजेमुळे असावा, असे मत प्रबळ झाले.

जंबुपार बदल सूर्याच्या नेमक्या कोणत्या भागांतून येतो, हे पाहण्यासाठी पुण्यातील आयुका (आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र) या संस्थेने 'सूट' ही दुर्बीण तयार केली. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हे आयुकाचे संस्थापक संचालक होत. दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश हे सूटचे प्रमुख संशोधक आहेत. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी५७ या अग्निबाणाने सोडलेल्या आदित्य-एल१ या इस्रोच्या यानावरील सात उपकरणांपैकी ती एक आहे. ६ जानेवारी २०२४ रोजी हे यान पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरील एल-१ बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावले. पृथ्वीच्या सावलीचा अडथळा तेथे येत नाही.

सूटचा आरसा सुमारे १४ सेंटिमीटर व्यासाचा आहे. थेट सूर्याकडे रोखलेली असल्याने तिच्या तोंडाशी असलेला गाळक बहुतांश प्रकाश अडवितो आणि त्याचा अत्यल्प अंशच आत सोडतो. तिच्यात ११ रंगगाळक असून त्यांपैकी आठ अरुंद व तीन रुंद पट्ट्यांचे आहेत. आदल्या वर्षीच्या २० नोव्हेंबरला तिला कार्यान्वित करण्यात आले व ६ डिसेंबरला तिने पहिल्या प्रतिमा घेतल्या. २०० ते ४०० नॅनोमीटर या पट्ट्यात पूर्ण सूर्यबिंबाच्या अशा प्रतिमा प्रथमच मिळाल्या. पूर्वीची उपकरणे या पट्ट्यात संपूर्ण सूर्याचे एकत्रित वाचन देत. सूटच्या प्रतिमांत डाग, त्यांभोवतीचे तेजस्वी प्रदेश आणि शांत भाग यांचा वाटा निरनिराळा पाहता येतो.

तिच्या गाळकांतील २८० नॅनोमीटरजवळच्या आयनित मॅग्नेशियमच्या रेषा विशेष उपयुक्त आहेत. या रेषांचा मध्यभाग सूर्याच्या वर्णगोल या वरच्या थरातून येतो व तो चक्राबरोबर बराच बदलतो. बाजूचे भाग खालच्या थरातून येतात व फारसे बदलत नाहीत. दोहोंचे गुणोत्तर घेतल्यास उपकरणाची झीज दोन्हीकडे सारखी असल्याने बहुतांशी रद्द होते. जंबुपार प्रारणाचा निर्देशांक म्हणून हे गुणोत्तर निंबस-७ च्या काळापासून वापरात आहे. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक्स ६.३ श्रेणीची प्रखर सौरज्वाला उसळली, तेव्हा तिचे या पट्ट्यातील तेज सूटने टिपले.

आदित्य-एल१ वर एकूण सौर प्रारण मोजणारे शंकूचे प्रारणमापक नाही. तो दुवा सध्या टीसिस-१ आणि चीनच्या जुलै २०२१ मध्ये सोडलेल्या फेंगयुन-३ई या उपग्रहावरील प्रारणमापक यांच्याकडे आहे.